क्लूनबेगकडची खिडकी

१

टर्लॉ ओ'गारा मेला तेव्हा तो पार्लमेंटचा मेंबर होता, आमच्या दोन्ही खोऱ्यांचा जमीनदार होता, आणि त्याचं मढं माझ्या दुकानातल्या लांब टेबलावर पडलं होतं.

आमच्याकडे रीतच अशी आहे. कोणी अकस्मात गेला की मढं जवळच्या दारूच्या दुकानात आणतात आणि कॉरोनर तिथंच पंच बसवून चौकशी करतो. एरवी त्या टेबलावर काळी बिअर सांडलेली असते. जिवंतपणी ओ'गारानं माझा उंबरा कधी ओलांडला नाही. निवडणुकीत मतं मागायलासुद्धा घोड्यावरूनच टोपी काढायचा आणि पुढं जायचा. शेवटी आला तो कानशिलात गोळी घेऊन.

मला त्याचं दुःख झालं नव्हतं, आणि आनंद मानायलाही सवड नव्हती. कारण सकाळीच पोलिसांनी माझ्या कोलमनला हातकड्या घालून नेलं होतं.

मी सबिना ड्युर्कन. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान मी एकटीनं चालवलं, आणि कोलमन मी वाढवला. तो माझ्या पोटचा नाही. पण ते मला कोणी सांगायला यायची गरज नाही.

घडलं ते असं. मृतांच्या सणाची संध्याकाळ होती. ओ'गाराच्या मोठ्या घरातले नोकरचाकर आमच्यासारखेच देवळात प्रार्थनेला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नॅपी नावाची मोलकरीण मालकांच्या वाचायच्या खोलीत चूल पेटवायला गेली, तर मालक खुर्चीत मेलेले. भिंतीवरच्या पेटीत दोन पिस्तुलं असायची, त्यातलं एक गायब. आणि खिडकी हातभर नाही, पण वीतभर उघडी.

सब-इन्स्पेक्टर लेथब्रिजला एवढं पुरलं. कोलमन सणाच्याच दिवशी दुपारी मोठ्या घरी जाऊन आला होता. निवडणुकीच्या सभेत त्यानं ओ'गाराला भर गर्दीत खुनी म्हटलं होतं, तेही सगळ्यांच्या लक्षात होतं. लेथब्रिजचा हिशेब सरळ होता. पोरानं दुपारी पिस्तूल उचललं, अंधार पडल्यावर परत आला, आणि खिडकीच्या फटीतून गोळी घातली. पंचांनी कोलमनचं नाव लिहून दिलं की पुढं तुरुंग, कोर्ट आणि फास. जमीनदाराच्या खुनात आमच्याकडे कोणी सुटल्याचं मी ऐकलेलं नाही.

कॉरोनर डॉमिनिक टूही हा बुटका, सर्दी झालेला माणूस. शिकला डब्लिनला, पण आई पलीकडच्याच डोंगरातली. त्यानं रुमालानं नाक पुसलं, मढ्यावरची चादर दूर केली आणि पंचांना जवळ बोलावलं. मीही दिवा धरायच्या निमित्तानं पुढं झाले. टूही बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग नॅपीला विचारलं, डोळे कोणी मिटले?

"कोणी नाही, साहेब," नॅपी म्हणाली. "मी गेले तेव्हा मिटलेलेच होते."

२

ओ'गारा घराणं जुनं. इंग्रज यायच्या आधीपासूनचं, आणि त्याचा त्यांना ताठाही तेवढाच. टर्लॉ दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. तरुणपणीच निवडून आला आणि लंडनला गेला. तिथं तो बोलायला उभा राहिला की विरोधी बाकांवरचेही कान टवकारायचे म्हणतात.

मग बटाटा, ज्यावर आम्ही सगळे जगायचो, जमिनीतच काळा पडला. ती वर्षं ज्यांनी पाहिली ते त्याबद्दल बोलत नाहीत. मीही फार बोलणार नाही. ज्या आठवड्यात ओ'गारा लंडनमध्ये उभा राहून आमच्या भुकेवर बोलला, आणि बोलताना रडला, त्याच आठवड्यात त्याच्या सहीनं क्लूनबेग गाव रिकामं झालं. गुरांना कुरण हवं होतं. पहारी घेऊन माणसं आली, छपरं पाडली, लोकांना पावसात बाहेर काढलं. दुसरीकडे कुणी आसरा द्यायचा नाही असा हुकूम होता. ती माणसं रस्त्याकडेच्या खंदकात राहिली आणि एकेक करून तिथंच संपली. घरांचे दगड वाहून नेऊन मोठ्या घराभोवती कुंपण घातलं. तेही भुकेल्या माणसांकडूनच, एक वाटी लापशीवर.

मी पीठ घेऊन त्या रस्त्यानं येत होते. खंदकात एक बाई पडलेली, आणि तिच्या अंगावर मूल होतं. बाई गेलेली होती. मूल तिला ढुशा देत होतं. मी ते उचललं, हुकूम गेला खड्ड्यात म्हटलं आणि घरी आणलं. तो कोलमन. बाईला दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुरलं. कुठं, ते कधीच कळलं नाही.

ओ'गारा परत आला तो वेगळाच होऊन. म्हाताऱ्या-कोताऱ्यांची विचारपूस, तापाच्या रोग्यांना दवाखाना, पोरांना शाळा. लंडनमध्ये कुळांच्या हक्कासाठी असा भांडायला लागला की इतर जमीनदार त्याचं तोंड बघेनात. आम्ही त्याला पुन्हापुन्हा निवडून दिलं. मत उघड्यावर, नाव पुकारून द्यायचं असतं, तेव्हा भीती तर होतीच. पण नुसती भीती म्हटली तर खोटं होईल. त्याच्याएवढं आमच्यासाठी कोणी भांडलं नव्हतं, आणि त्याच्याएवढं आमचं वाटोळंही कोणी केलं नव्हतं. माणूस एकच होता. याचं काय करायचं ते आम्हाला कधी उमगलं नाही.

क्लूनबेगच्या रस्त्यानं त्याची बग्गी कधी गेली नाही. लांबचा फेरा घेऊन जायचा.

त्याचा म्हातारा नोकर मथायस साक्षीला उभा राहिला आणि लेथब्रिजला वाटलं, दोन शब्दांत उरकेल. दुपारी कोलमन येऊन गेला, त्यानंतर मी दिवा नेऊन ठेवला, तेव्हा मालक जिवंत होते आणि एकटेच होते, मग मी प्रार्थनेला गेलो, एवढं त्यानं सांगितलं. मग टूहीनं सहज विचारावं तसं विचारलं, मालकांना मोकळी हवा आवडायची का?

मथायस गोंधळला. म्हणाला, ती खिडकी क्लूनबेगकडे उघडते. मालकांनी वीस वर्षांत ती उघडू दिली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा नाही.

"का?"

"त्यांना तिकडून रडणं ऐकू यायचं, साहेब. बायकांचं. बंद खिडकीतूनही यायचं म्हणायचे, पण उघडी असली की नावं कळतात म्हणाले."

 लेथब्रिज हसला. मी हसले नाही, कारण वारा त्या बाजूनं आला की मीही दुकानाचं दार लोटून घेते.

३

कोलमनला आणलं तेव्हा त्याच्या मनगटाला हातकडीनं सालटं निघालं होतं. मी फडकं घेऊन पुढं झाले तर शिपायानं अडवलं. मी त्याला त्याच्या आईचं नाव घेऊन विचारलं की हे तुला शोभतं का, कारण त्याची आई मला ठाऊक होती. मग त्यानं जाऊ दिलं.

टूहीनं कोलमनला विचारलं, मोठ्या घरी कशाला गेला होतास?

"बोलावलं म्हणून गेलो."

"कशाला बोलावलं?"

कोलमन टेबलावरच्या चादरीकडे बघत होता. "मला बस म्हणाले. बसलो नाही. मग म्हणाले, तुझ्या आईला कुठं पुरलंय ते दाखव, मला तिथं दगड उभारायचाय."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. आणि दगड कशाला? तिच्या घराचे दगड तुमच्या कुंपणात आहेत. तेवढे पुरे झाले."

"आणि ते?"

"काही बोलले नाहीत. मी निघून आलो."

संध्याकाळी तो घरीच होता, मागच्या गोठ्यात. मी ते शपथेवर सांगितलं. पण आईच्या शपथेला कोर्टात काय किंमत असते ते लेथब्रिजनं तोंड वाकडं करूनच दाखवलं. एवढा राग मनात असताना माणूस गोठ्यात बसेल होय, असं त्यानं पंचांना विचारलं. पंचांतल्या दोघांनी मान खाली घातली. 

तेव्हा टूही उठला. त्यानं मला पुन्हा दिवा धरायला लावला आणि मढ्याचं डोकं वळवलं. कानशिलाजवळचे पांढरे केस करपलेले होते, कातडी काळी पडली होती.

"एवढं करपायला पिस्तूल टेकवून मारावं लागतं," तो पंचांना म्हणाला. "खुर्ची कुठं होती, नॅपी?"

चुलीजवळ, ती म्हणाली. खिडकी पलीकडच्या भिंतीला. मालक त्या खिडकीकडे पाठ करूनच बसायचे.

खिडकीतून हात लांबवून एवढ्या दूर टेकवता येणार नाही, हे लोहारालाही कळत होतं. लोहार म्हणजे थेडी ब्रेहनी, पंचांचा म्होरक्या. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. लेथब्रिज म्हणाला, मग आत चढला असेल. टूहीनं विचारलं, वीतभर फटीतून? तेवढ्यातून मांजर गेलं तर गेलं. आणि खिडकी पूर्ण उघडून आत गेला, निघताना त्यानं फट पुन्हा लहान केली म्हटलं, तर पळणारा माणूस खिडकी मोजून मापून का बरं ठेवेल? पूर्ण लावेल, नाहीतर तशीच टाकेल.

लेथब्रिज लाल झाला. "मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं एवढंच की खिडकीतून कोणी आलं नाही. त्या संध्याकाळी घरात कोण होतं?"

मथायसनं सांगून टाकलं. घरात दोनच माणसं होती. एक, मालकांचा पुतण्या रँडल, जो आता सगळ्याचा वारस. आणि दुसरी ओनीमाय, मालकांची दाई, जिला गुडघ्यांमुळे देवळाची चढण चढवत नाही.

सगळं दुकान एकदम रँडलकडे वळलं.

४

रँडल इंग्लंडमध्ये वाढलेला. तोंडावर मिसरूड आणि अंगावर शिकारीचा कोट. काका मेल्याचं दुःख त्याला नव्हतं आणि ते त्यानं लपवलंही नाही. संध्याकाळभर वरच्या मजल्यावर ब्रँडी पिऊन पडलो होतो, काही ऐकलं नाही, असं तो म्हणाला. भिंती पाच फूट जाड आहेत, वर तोफ ऐकू येणार नाही. दुपारी काकांनी दोन कुरणं क्लूनबेगच्या उरल्यासुरल्या लोकांना परत द्यायची म्हटलं होतं, त्यावरून भांडण झालं होतं हेही टूहीनं त्याच्याकडून काढलं. माझ्या शेजारी कोणीतरी म्हणालं, हाच तो. मीही मनात तेच म्हटलं. कोलमन सुटत असेल तर मी त्या दिवशी कोणालाही खुनी ठरवलं असतं.

टूहीनं विचारलं, सकाळी त्या खोलीत गेल्यावर तुम्ही काय केलंत?

"थंडीनं कुडकुडत होतो. खिडकी ओढून लावली. तर ही बाई," त्यानं नॅपीकडे बोट केलं, "वेड्यासारखी अंगावर धावून आली आणि तिनं ती परत उघडली. ह्या घरात सगळेच ठार वेडे आहेत."

टूहीचा रुमाल नाकापाशी तसाच राहिला.

मग त्यानं नॅपीला बोलावलं. सकाळी खोलीत काय काय केलंस, सगळं सांग. तिनं सांगितलं. आरसा चादरीनं झाकला. मथायसनं काय केलं? घड्याळ थांबवलं. आणि खिडकी?

"खिडकी उघडीच होती ना. मला वाटलं मथायसनं उघडली."

मथायस म्हणाला, "मी? मी आलो तेव्हा उघडी होती. मला वाटलं नॅपीनं."

"नॅपी तुमच्या आधी आली होती. तिनं नाही उघडली."

"मग... मेलेल्या माणसाच्या खोलीची खिडकी उघडीच असते ना, साहेब. त्यात काय विचारायचं?"

 आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं, आणि आपण हे आधी कसं पाहिलं नाही म्हणून लाजही वाटली. आमच्याकडे माणूस गेला की पहिलं काम तेच, जीव बाहेर जावा म्हणून खिडकी उघडायची. ती उघडी दिसली की कोणी उघडली असं आम्ही विचारत नाही. ताटात मीठ कोणी वाढलं ते विचारतात का? घरातल्या प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं उघडली, आणि लेथब्रिजला वाटलं खुन्यानं उघडली.

लेथब्रिजनं विचारलं, हा सगळा काय प्रकार आहे? टूहीनं त्याला समजावलं. लेथब्रिज म्हणाला, मृतांचा सण होता, भुतांना घरात घ्यायला म्हाताऱ्यानं स्वतःच उघडली असेल.

"नाही," टूही म्हणाला. "त्या दिवशी घरचे मेलेले परत येतात, त्यांच्यासाठी आम्ही दाराची कडी काढून ठेवतो. येणाऱ्याला दार. खिडकी फक्त जाणाऱ्याला. म्हणजे सकाळी नॅपी पोचायच्या आधीच कोणाला तरी ठाऊक होतं की टर्लॉ ओ'गारा मेलाय. ते माणूस खोलीत गेलं. त्यानं डोळे मिटले, खिडकी उघडली आणि पिस्तूल नेलं. वैरी असं करत नाही. आणि रँडलसाहेबांना खिडकी कशासाठी उघडतात तेच ठाऊक नाही, त्यांनी तर ती लावली."

त्यानं मथायसकडे वळून हळूच विचारलं, "ओनीमाय सकाळी खोलीत आली होती?"

 मथायस म्हणाला, नाही आली. जिनं पाजलं, वाढवलं, ती आली नाही. हेल काढून रडायचा पहिला मान तिचा, तोही तिनं घेतला नाही. आम्हाला वाटलं, धक्क्यानं बधिर झालीय.

ओनीमाय माझ्या चुलीशी, शालीत गुंडाळून, सकाळपासून बसलेली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मालकाच्या मढ्यामागून चालत आली होती, त्या गुडघ्यांनी.

५

टूही तिच्यासमोर जाऊन बसला. आदरानं बोलला. "ओनीमाय, पिस्तूल कुठंय?"

"मला काय ठाऊक बाबा. म्हातारी बाई मी."

"त्यानं स्वतःच मारून घेतली ना?"

ती विस्तवाकडे बघत राहिली. टूहीनं तऱ्हातऱ्हांनी विचारलं. ती एक अक्षर बोलली नाही. लेथब्रिजनं घड्याळ काढलं आणि म्हणाला की खिडक्या आणि आत्मे यांच्यावर कोर्ट चालत नाही. पिस्तूल सापडल्याशिवाय हा खूनच, आणि खुनाला माणूस लागतो, तो त्याच्याकडे आहे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. टूहीनं जुळवलेलं सगळं खरं होतं, पण हातात धरून दाखवता येईल असं काहीच नव्हतं.

ती का गप्प आहे ते आम्हा बायकांना सांगायला नको होतं. जो स्वतःचा जीव घेतो त्याला पवित्र माती नाही. पाद्री नाही, प्रार्थना नाही, ओ'गारांच्या जुन्या कबरींत जागा नाही. कुंपणाबाहेर कुठंतरी खड्डा. तिनं त्याला ते चुकवलं होतं. आणि त्यासाठी माझा पोरगा फासावर जाणार होता.

मी हातातला जग खाली ठेवला आणि तिच्या समोर जमिनीवरच बसले.

"ओनीमाय," मी म्हटलं, "तुझ्या लेकराला कुठल्या मातीत ठेवतील याची तुला काळजी. माझ्या लेकराला तुरुंगाच्या आवारात चुन्यात टाकतील. तिथं मला उभं राहायलाही देणार नाहीत."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते खंदकातलं पोर. मी म्हटलं, त्याच्यामागं रडायला कोण आहे."

"मी आहे."

आणखी खूप काही बोलणार होते. शिव्याही तयार होत्या. पण एवढंच निघालं.  मग तिनं शालीतून हात काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी तो झटकला नाही.

"पिठाच्या पेटीत आहे," ती टूहीला म्हणाली. "ओटच्या पिठाच्या, तळाशी."

मग तिनं सांगितलं. सगळे प्रार्थनेला गेल्यावर आवाज झाला. भिंत धरत धरत ती गेली. तो गेलेला होता, पिस्तूल हातात होतं. "माझ्या दुधावर वाढलेला. कुत्र्यासारखा पुरला असता त्याला. मी पिस्तूल काढून घेतलं, डोळे मिटले, खिडकी उघडली. हेल काढता आला नाही. काढला असता तर ऐकू गेला असता, आणि कळलं असतं. तो तसाच रडण्यावाचून गेला." जरा थांबून म्हणाली, "कोणालातरी पकडतील हे मनात नव्हतं आलं. पकडल्यावर मात्र मी गप्प राहिले. ते मीच केलं."

लेथब्रिजनं शिपायाला घोड्यावर पिटाळलं. तो परत येईपर्यंत कोणी प्यायलं नाही, माझ्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. शिपाई आला तो पिठानं माखलेलं पिस्तूल घेऊन. त्याच्या जोडीचं भिंतीवरच्या पेटीत होतंच, दोन्ही एकाच घडणीची.

पण चौकशी अजून संपली नव्हती.

६

टूहीनं पंचांना समजावलं. ओ'गारानं जीव स्वतः घेतला, एवढं आता ठरलं. पण भानावर असताना घेतला की भ्रमात, हे पंचांनी सांगायचं. भानावर असेल तर पवित्र माती नाही. भ्रमात असेल तर पाद्री अडवणार नाही. फादर मनियन कोपऱ्यात उभे होते, त्यांनी मान डोलावली. लिहून दिलं तर मी पुरेन, म्हणाले.

पंच विचार करायला माझ्या स्वयंपाकघरात बसले. मी भाकरी आणि ताक देत होते, म्हणून सगळं ऐकलं. नाहीतरी ऐकलंच असतं.

त्यांच्यातल्या बहुतेकांचं कोणी ना कोणी क्लूनबेगच्या खंदकात मेलेलं. थेडी लोहाराच्या दोन बहिणी. एकजण म्हणाला, यात ठरवायचं काय, मेलेल्यांचं रडणं ऐकायचा तो, वेडाच की.

थेडीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मग मी पण वेडा. भाता ओढताना मला पण ऐकू येतं."

 मग दुसरा म्हणाला, मलाही. आणि तिसऱ्यानं नुसतं तोंड पुसलं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

"त्याला वेडा म्हणायचं," थेडी म्हणाला, "म्हणजे तिथं कोणी रडत नाही म्हणायचं. आणि रडतात म्हटलं, तर तो चांगला भानावर होता. मग पडू दे कुंपणाबाहेर. माझ्या बहिणी कुठं पडल्यात?"

बराच वेळ गेला. कोणीतरी दवाखान्याचं नाव काढलं. कोणीतरी लापशीच्या वाटीचं काढलं. एकजण ओ'गाराला शिवी देऊन लगेच छातीवर क्रूसाची खूण करून मोकळा झाला. मग थेडी उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं मला विचारलं, सबिना, तू काय म्हणशील?

"मला मत नाही, थेडी," मी म्हटलं. "मत तुम्हाला आहे."

तो बाहेर गेला आणि टूहीसमोर उभा राहिला. "लिहा साहेब. भानावर नव्हता."

खोटं होतं. दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फादर मनियनसुद्धा जमिनीकडे बघत होते. पण नाव पुकारलं गेलं, एकेक पंच पुढं आला आणि त्यानं कागदावर आपली खूण केली. ओ'गाराला आमच्या गावानं दिलेलं ते शेवटचं मत.

शिपायानं कोलमनची हातकडी काढली. लोक मढं उचलायच्या मागं लागले. मी कोलमनला आत नेलं, मनगटाला लोणी लावलं, पुढ्यात बटाटे आणि दूध ठेवलं. ओनीमाय तिथंच चुलीशी होती. तिला घरी न्यायला अजून कोणी आलं नव्हतं. कोलमन तिच्याकडे बघेना, तीही त्याच्याकडे बघेना.

तो जेवेना. मी दोनदा जेव म्हटलं. मग तो म्हणाला, "मावशी, मी ते दगडांचं बोललो नसतो तर तो जगला असता?"

ओनीमाय बोलली तेव्हापासूनच हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला ओ'गारा दिसला, चुलीशी, पाठ फिरवून बसलेला. हा पोरगा वीस वर्षांनी असाच बसेल, असं मनात आलं. पंचांनी मेलेल्यासाठी खोटं लिहून दिलं होतं. मी तर जिवंत माणसासाठी बोलणार होते.

"नाही रे," मी म्हटलं. "त्यानं तुला बोलावलं त्याच्या आधीच त्याचं ठरलं होतं. तुला फक्त निरोप घ्यायला बोलावलं. ओनीमायनंच सांगितलं मला."

ओनीमायनं मला असलं काही सांगितलं नव्हतं. कोलमन वळला आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

म्हातारीनं शाल नीट केली. जिनं त्याला मघाशी फासावर जाऊ दिलं असतं, तिनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"हो बाळा," ती म्हणाली. "काल सकाळीच. पिस्तूल पुसत बसला होता. मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही."

 कोलमननं बटाटा सोलला आणि तो खायला लागला. त्याला ते पटलं की त्यानं आम्हा दोघींसाठी पटवून घेतलं, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.